‘कुंग फू’चा पहिला सीझन: संच घ्यावा तो मास्टर कानसाठी

‘कुंग फू’ या जुन्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा डीव्हीडी संच मला पुण्यात डेक्कनवर जुन्या डिस्का विकणाऱ्या एकाकडे ६५० रुपयांना मिळाला. १९७२ सालचा पायलट, म्हणजे मालिकेआधीचा चाचणीचा भाग, आणि त्यापुढचे पंधरा भाग यात आहेत, इंग्रजी सबटायटल्ससकट. मारामारीच्या आशेने हा संच घेऊ नका. ती थोडीच आहे आणि आजच्या डोळ्यांना संथ वाटेल. नायक केन चीनमधल्या ज्या शाओलिन मठात वाढतो, त्याचा प्रमुख मास्टर कान झालेल्या फिलिप आन यांच्यासाठी मात्र जरूर घ्या.

मी इथल्या प्रायोगिक नाटकांत कामं करते. बहुतेक कुणाची तरी आई, आत्या, नाहीतर शेजारीण. दोन प्रवेश आणि सात-आठ वाक्यं वाट्याला आलेल्या नटाने काय करायचं, हा प्रश्न माझ्या रोजच्या तालमीतला आहे. त्याचं उत्तर इतक्या स्वच्छपणे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

पायलटमधला खड्याचा प्रसंग घ्या. कान तळहातावर खडा ठेवतात आणि लहानग्या केनला तो उचलायला सांगतात. जमेल त्या दिवशी तू इथून जायला मोकळा. पोरगा झडप घालतो, तोवर मूठ मिटलेली असते. आपल्याकडचा कुणी नट इथे मिशीत हसला असता, मीही हसले असते. आन हसत नाहीत. चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नाही, पोराबद्दलची कणवही नाही. ते नुसते त्याच्याकडे बघत राहतात, आणि त्या बघण्यातून कळतं की या माणसाने अशी कितीतरी पोरं पाहिलीत आणि याच्यासाठी थांबायची त्याची तयारी आहे. पुढे मोठा झालेला केन तो खडा उचलतो तेव्हाही तसंच. आवाज चढत नाही, वाक्य ओढलं जात नाही. आमच्याकडे दिग्दर्शक ‘पॉज घे’ म्हणाले की आम्ही आकडे मोजतो. आन थांबतात तेव्हा ऐकत असतात.

आंधळे मास्टर पो आणि कान यांची पुष्कळ लोक गल्लत करतात. पो म्हणजे की ल्यूक, केनला ‘ग्रासहॉपर’ म्हणणारे. पो मायाळू आणि मिस्कील, कान शिस्तीचे. दोघे मिळून तो मठ उभा करतात. एरवी तो ‘कॅमेलॉट’ या सिनेमाच्या किल्ल्याचा सेट बदलून केलेला आहे आणि मेणबत्त्या विझवल्या तर उघडा पडेल. मालिकेचा नायक अर्धा चिनी, पण ती भूमिका दिली डेव्हिड कॅरडीन या गोऱ्या नटाला. कॅरडीन वाईट नाहीत. तरीही ज्यांनी आयुष्यभर दुय्यम कामं केली ते आशियाई वंशाचे दोन वयस्क नट शेजारी असताना ही निवड मला प्रत्येक भागात खटकली.

आन हे चिनी नव्हतेच. आई-वडील कोरियन, जन्म १९०५ सालचा, लॉस एंजेलिसचा. वडील आन चांग-हो, ‘दोसान’ या नावाने कोरियात ओळखले जाणारे, जपानी सत्तेविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचे मोठे पुढारी. १९२६ मध्ये ते अमेरिका सोडून गेले ते परत घरी आलेच नाहीत. जपान्यांनी त्यांना पकडलं, तुरुंगात प्रकृती ढासळली आणि १९३८ मध्ये ते गेले. फिलिप थोरला. घराचा भार त्याच्यावर. कॅलिफोर्नियातल्या कोलुसाच्या भातशेतीत राबला, लिफ्ट चालवली. शाळेत असताना प्रसिद्ध नट डग्लस फेअरबँक्स यांनी ‘द थीफ ऑफ बगदाद’च्या सेटवर त्याला हेरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा द्यायला बोलावलं होतं, पण आईने नाही म्हणून सांगितलं.

पडद्यावर आले ते तिशीला टेकताना. ‘एनीथिंग गोज’ या १९३६ च्या सिनेमासाठी दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांनी आधी त्यांना नाकारलं, कारण काय, तर इंग्रजी फार चांगलं! अमेरिकेत जन्मलेल्या माणसाने तोडकंमोडकं बोलावं ही अपेक्षा. १९३७ मध्ये ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये मात्र ॲना मे वाँग या नटीसमोर ते सरकारी गुप्तहेर म्हणून नायक झाले, शेवटी नायिकेला मागणीही घालतात. तासाभराचाच सिनेमा आहे, मिळाला तर बघाच. तिथे सुटाबुटातला जो ताठ, सभ्य तरुण दिसतो, त्याला पुढे नायकाची कामं मिळत राहायला हवी होती.

मिळाली ती दुसरीच. महायुद्ध आलं आणि हॉलिवूडला क्रूर जपानी अधिकारी हवे झाले. ज्या सत्तेने वडिलांचा जीव घेतला, तिचे गणवेश चढवून आन एकामागून एक सिनेमांत उभे राहिले, आणि इतके पटले की लोकांनी त्यांना खरोखरचा जपानी समजून ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. हे वाचलं तेव्हा मला निळूभाऊ फुले आठवले. राष्ट्र सेवा दलात वाढलेला, चळवळींत झोकून देणारा पुण्याचा माणूस, आणि पडद्यावरच्या पाटलामुळे बायका त्याला बघून बिचकायच्या. काम चोख केल्याची ही किंमत आहे, आणि ती नटाला एकट्यालाच भरावी लागते. आन यांच्या बाबतीत तर आपल्याच घरच्या दुःखाला कारण झालेल्यांना आवाज द्यायचा होता. मास्टर कानच्या शांतपणामागे हे सगळं आहे असं मी म्हणणार नाही. पण मला ते माहीत झाल्यापासून तो चेहरा मी वेगळ्या नजरेने बघते.

पोटासाठी त्यांनी बहिणीबरोबर १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅनोरमा सिटी भागात ‘मूनगेट’ नावाचं रेस्टॉरंट काढलं, ते आन गेल्यानंतरही चालू होतं. ‘बोनांझा’, ‘हवाई फाइव्ह-ओ’, ‘मॅश’ अशा मालिकांत येत-जात राहिले. १९७८ मध्ये गेले. हॉलिवूडच्या फुटपाथवर कलाकारांच्या नावाचे तारे बसवतात, त्यातला त्यांचा तारा १९८४ मध्ये, म्हणजे बघायला ते नसताना मिळाला.

आता संचाबद्दलची माझी तक्रार, आणि ती गंभीर आहे. ही मालिका त्या काळच्या टीव्हीच्या चौकोनी, ४:३ मापासाठी होती. या संचात ती वरून-खालून कापून आजच्या रुंद पडद्याच्या मापात बसवलीय. घोडे आणि डोंगर दाखवणाऱ्या दृश्यांत फारसं जाणवत नाही. जवळच्या दृश्यांत जाणवतं. कपाळ कापलं जातं, हात चौकटीच्या कडेला येतात. कॅरडीन यांना पूर्ण शरीर मिळतं, त्यांचं निभावतं. आन बहुतेक बसलेले असतात; त्यांचा अभिनय पापण्या, मान आणि हात यांतच आहे, म्हणजे कात्री नेमकी तिथेच लागलीय. दुसरा आणि तिसरा सीझन मूळ मापातच आले. हे कळल्यावर मला पहिल्याचं जास्तच वाईट वाटलं, कारण खड्याचा प्रसंग पहिल्यातच आहे.

चित्र बाकी स्वच्छ आहे. मेणबत्त्यांच्या उजेडातले मठातले प्रसंग काळवंडत नाहीत. आवाज साधा पण स्पष्ट, आणि आन यांचं हळू बोलणं सबटायटल्सशिवायही कळतं. माझा संच अमेरिकेतला, रीजन १ चा आहे (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा क्रमांक). आपल्याकडचे बरेच प्लेअर रीजन ५ चे असतात, त्यांत तो उघडत नाही. मी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर बघते. दुकानात डिस्क लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागची बाजू उजेडात धरून चरेही तपासा, जुन्या मालाला असतातच.

नाटकवाल्यांना एक सुचवते. आधी पायलट सलग बघा, मग फक्त मठातले प्रसंग आवाज बंद करून. आमच्या ग्रुपमधल्या दोन मुलींना मी असंच बसवलं आणि पुढच्या तालमीत समोरचा बोलत असताना त्यांचे हात स्थिर होते. पाचपैकी चार तारे. एक कापला तो चौकटीसाठी.