मुंबई–नागपूर विमानाने: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या मिहानमध्ये (एअरपोर्टजवळचा उद्योग प्रकल्प) पोस्टिंग आणि घर ठाण्याला, त्यामुळे गेले आठ-नऊ महिने जवळपास दर पंधरवड्याला हा रूट चालू आहे. अंतर सांगणाऱ्या साईटवर मुंबई–नागपूर टाकलं की हवाई अंतर ६८५ किमीच्या आसपास आणि वेळ ५५ मिनिटं वगैरे दिसते. अंतर बरोबर आहे, वेळेवर मात्र जाऊ नका. ती साईट नुसतं अंतराला स्पीडने भागते, पण मुंबईत विमान बहुतेक वेळा पश्चिमेला समुद्राकडे उडतं आणि मग वळसा घेऊन पूर्वेला येतं, वर टॅक्सीवेवरची लाईन वेगळीच. तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो तोच धरायचा, त्यात कंपनीने थोडा जादा वेळ आधीच धरलेला असतो म्हणून कधीकधी उशिरा उडूनही वेळेवर उतरतं आणि लोक खूश होतात!

हिवाळ्यात एक मजा बघितली, जाताना विमान लवकर पोचतं आणि येताना जास्त वेळ लागतो. वरचे वारे त्या दिवसांत पश्चिमेकडून वाहतात, जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. फरक थोड्याच मिनिटांचा असतो म्हणा. खरा वेळ खातं ते संध्याकाळचं मुंबई. दोन रनवे आहेत पण एकमेकांना छेदणारे, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असतो आणि गर्दीच्या तासाला वरच घिरट्या. पावसाळ्यात तर विचारूच नका, एकदा ठाण्यावरून चकरा मारताना खाली आपलंच घर असेल असं वाटत होतं आणि पोचायला अजून दीड तास.

आता घर ते रूमचा हिशोब. ठाण्याहून एअरपोर्ट ट्रॅफिकप्रमाणे पाऊण ते दीड तास, बॅग टाकायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो, त्यामुळे मी फक्त केबिन बॅग नेतो आणि डिजीयात्रा (चेहरा दाखवून आत सोडणारं ॲप) वापरतो. नागपूरचा सोनेगाव एअरपोर्ट मात्र सुखाचा आहे, छोटा, गावाला लागूनच, मेट्रोचं स्टेशनही जवळ. एकूण पाच तास पकडा.

ट्रेनने सीएसएमटी–नागपूर ८३७ किमी आहे पण विदर्भ एक्सप्रेसला संध्याकाळी ठाण्याला चढलो की सकाळी नागपूर, झोपेत प्रवास आणि दिवस वाया नाही. सोमवारी सकाळी ऑफिस असेल तर मला अजूनही हीच बरी वाटते, फक्त कन्फर्म तिकीट मिळायला हवं, दिवाळीत ते विसरा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्यावर ७०१ किमी गाडीनेही केले. आठ तासांचं जे सांगतात ते आमणे ते शिवमडका, म्हणजे महामार्गाच्या दोन टोकांमधलं, पुढचं-मागचं आणि जेवण धरून दहा होतात, आणि एकट्याने तो सरळसोट रस्ता चालवताना डोळे मिटायला लागतात. सोबत कोणी असेल तरच.

बाय द वे, १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून नागपुरात येऊन मध्यरात्री थैल्या बदलून परत जायची. म्हणजे तेव्हाचं पत्र रात्रीत पोचायचं, आणि मी मात्र शुक्रवारी संध्याकाळच्या फ्लाईटला वैतागलोय.

सध्या जाताना पहाटेची पहिली फ्लाईट, कारण तेव्हा आधीच्या फ्लाईट्सच्या उशिराचा ढीग साचलेला नसतो, आणि येताना दुपारची मिळाली तर तीच. संध्याकाळी सहा ते नऊमधली स्वस्त दिसली तरी घेत नाही.