बात त्रांगच्या वाटेवर आमचे बावीस हजार कसे गेले

गेल्या नोव्हेंबरात हनोईला गेलो असताना हाताने रंगवलेला म्हणून चिनीमातीचा जेवणाचा संच घेतला. तो छापील निघाला. सुमारे बावीस हजार रुपये गेले, आणि ते परत मिळाले नाहीत. आता मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, आमच्या सांगलीतूनही ओळखीतली कितीतरी माणसं व्हिएतनामला जाऊन आली. पुढे जाणाऱ्यांपैकी एखाद्याचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

लेकीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला तिला काहीतरी जन्मभर वापरता येईल असं द्यायचं माझ्या मनात होतं. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे कुंचल्याने रंगवलेली ताटं-वाट्या म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. बात त्रांगबद्दल मी जाण्याआधी पुष्कळ वाचलं होतं. (तिकडे ‘बात चांग’च्या जवळचा उच्चार करतात, टॅक्सीवाल्याला तसंच सांगा.) हनोईच्या आग्नेयेला, लाल नदीच्या डाव्या काठावर, शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटरवर हे कुंभारांचं गाव. १०१० मध्ये राजधानी थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईला, आली. आपल्या पूर्वजांचं इथे येणं गावकरी त्या काळाशी जोडतात. पंधराव्या शतकातल्या लिखाणात इथल्या वाडग्यांचा उल्लेख सापडतो. नदीकाठी पांढरी माती होती आणि माल न्यायला नदी होती, म्हणून धंदा इथे रुजला. आता भट्ट्या गॅसवर चालतात. पूर्वी कोळशावर चालायच्या, तेव्हा ओल्या कोळशाच्या वड्या घरांच्या भिंतींवर थापून वाळवत, आपल्याकडे गोवऱ्या थापतात तशाच. हे वाचल्यापासून त्या भिंती बघायची मला ओढ लागली होती.

त्या भिंतींपर्यंत आम्ही पहिल्या दिवशी पोचलोच नाही.

हॉटेलच्या काउंटरवरून गाडी ठरवली होती. चालकच गाइड, इंग्रजी बरं बोलणारा, वागायला अतिशय अदबशीर. मी, यजमान आणि धाकटी जाऊ असे तिघे होतो. नदीचा पूल ओलांडल्यावर काही वेळाने त्याने गाडी एका मोठ्या, काचेच्या दर्शनी भागाच्या दुकानासमोर उभी केली. बाहेर पर्यटकांच्या तीन बस. म्हणाला, “हेच बात त्रांग. ही गावाची सहकारी संस्था आहे, सरकारी. भाव ठरलेले. आत गल्ल्यांत गेलात तर फसाल.” शेवटच्या वाक्याने आम्ही निर्धास्त झालो. जो आपल्याला फसवणुकीपासून सावध करतो त्याच्यावर आपण विश्वास टाकतो, आणि त्याला ते नेमकं माहीत होतं. नंतर कळलं की गाव तिथून बरंच पुढे होतं आणि दुकान पूर्णपणे खासगी.

दारातच एक चाक फिरत होतं. त्याच्या शेजारी विशी-बाविशीची एक मुलगी कच्च्या वाडग्यावर निळ्या रंगात कमळ काढत होती. मी तिच्यापाशी वीस मिनिटं उभी होते. पाकळीच्या टोकाला दाब सोडताना तिचं मनगट असं काही वळत होतं की मला माझे विद्यार्थी आठवले, त्यांना हे दाखवायला हवं होतं असं वाटलं. त्या मुलीचा हात अस्सल होता. तिच्या मागच्या फडताळांवरची शेकडो भांडी एवढ्या एका हाताने होणं शक्य नाही, हा हिशेब मात्र मी केला नाही. मुलीला बघत बघतच मी आत गेले आणि आतलं सगळं तिच्याच हातचं आहे असं मानून बसले.

संच सुंदर होता यात वाद नाही. पांढऱ्यावर निळी कमळं, वर उडणारे चतुर. कमळ आणि चतुर ही तिथली फार आवडती नक्षी आहे. ताटं, वाडगे, छोट्या वाट्या, सहा कप आणि एक किटली. विक्रेतीने प्रत्येक वस्तू हातात देत “हँड पेंट, ऑल हँड पेंट” असं दहादा तरी सांगितलं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तशी मी प्रत्येक वाडग्याला मारली. खणखणीत वाजले. पण तो नाद भांडं नीट भाजलं आहे आणि तडा गेलेला नाही एवढंच सांगतो. वरचं चित्र कुणी काढलं ते टिचकीला कळत नाही.

सांगितलेला भाव ९० लाख डोंग. एवढी शून्यं बघून आपला माणूस गडबडतोच. हजार डोंगांचे साधारण सव्वातीन ते साडेतीन रुपये होतात, तेवढं डोक्यात पक्कं बसवून जा. घासाघीस करून ६५ लाखांना सौदा ठरला. ठरलेले भाव असलेलं सरकारी दुकान पंचवीस लाख खाली कसं येतं, असं यजमानांनी मला मराठीत हळूच विचारलंही. मी त्यांना गप्प केलं. हे मला अजून लागतं.

पाच लाखांच्या तेरा नोटा पुरल्या असत्या, पण मोजण्यात चूक होऊन चौदा दिल्या गेल्या, म्हणून पाच लाख परत यायचे होते. तिने एक निळी नोट घडी घालून बिलासकट माझ्या हातात ठेवली. ती वीस हजारांची होती, हे रात्री कळलं. पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा प्लॅस्टिकच्या आणि निळसर असतात, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. घाईत फरक कळत नाही. पाच लाखांची आकाराने मोठी असते आणि तिच्या मागे हो चि मिन्ह यांचं गावाकडचं घर आहे. वीस हजारांच्या मागे होइ आन या जुन्या शहरातला छपराचा जपानी पूल आहे. मागची बाजू बघायची सवय लावून घ्या. आमचे त्या एका घडीत सोळाशेच्या वर रुपये गेले.

बांधाबांध त्यांनी आतल्या खोलीत केली. खोका असा काही चिकटपट्टीने गुंडाळून दिला की घरी पोचेपर्यंत कुणी उघडू नये. आम्हीही उघडला नसता. पण परतीच्या सामानाचं वजन जास्त भरू लागलं, म्हणून दुसऱ्या रात्री जाऊ म्हणाली, “ताई, कप माझ्या पिशवीत घालू या का?” कात्रीने खोका कापला आणि कप पलंगावर ओळीने मांडले.

ओळीने मांडले म्हणूनच दिसलं. पहिल्या कपावरच्या चतुराच्या उजव्या पंखाची रेघ मध्ये जराशी तुटलेली होती, कुंचल्याचा केस सुटल्यासारखी. हाताच्या कामात असं होतं, मला तर ते आवडलंच होतं. दुसऱ्या कपावर तीच रेघ त्याच जागी तुटलेली. तिसऱ्यावरही. मग आम्ही तिघं जमिनीवर बसून सगळी भांडी काढून बघू लागलो. प्रत्येक चतुराचा तोच पंख तिथेच तुटला होता. वाडग्याच्या एका बाजूला चित्राची दोन टोकं जिथे भेटतात तिथे कमळाचा देठ केसभर सरकलेला होता, भिंतीला कागद लावताना जोड चुकतो तसा. एका मूळ चित्राचे छापे होते ते सगळे. चित्रकलेच्या बाईला हे दुकानातच दिसायला हवं होतं. दुकानात प्रत्येक वस्तू माझ्या हातात एकेक करून आली, दोन कप शेजारी असे एकदाही आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दोन कप रुमालात गुंडाळून आम्ही स्वतःच निघालो. हनोईतल्या लाँग बिएनच्या बसस्टँडवरून ४७ए नंबरची बस गावात जाते, तिकीट अगदी स्वस्त असतं. ही बस आम्ही पहिल्याच दिवशी धरली असती तर हे लिहावंच लागलं नसतं. गावात भांड्यांचा मोठा बाजार आहे. त्यापुढे जुन्या वस्तीच्या विटांच्या गल्ल्या लागतात, इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला टेकून उभं राहायचं. फळ्यांवर कच्चे वाडगे उन्हात मांडलेले, दारादारांतून ओल्या मातीचा वास.

अशाच एका दारात साठीच्या एक बाई वाडग्याच्या तळाची झिलई, म्हणजे भांड्यावरचा चकाकीचा लेप, ओल्या स्पंजने पुसत बसल्या होत्या. त्यांची नात फोनवर भाषांतर करून आमच्याशी बोलू लागली. मी कप पुढे केले. आजींनी दोन्ही कप हातांत घेतले आणि फिरवत फिरवत दोन्ही चतुर एकाच दिशेला आणले. मग त्या तुटक्या रेघेवर आधी एका कपावर, मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. एक शब्दही बोलल्या नाहीत. आत जाऊन स्वतःचे दोन वाडगे घेऊन आल्या आणि तसेच शेजारी धरले. दोन्हींवर बांबूची पानं. एका वाडग्यावर सात, दुसऱ्यावर आठ. एका पानाचं टोक जाड उमटलेलं, तिथे कुंचला पाण्याने भरलेला होता, हे माझ्यासारखीला लगेच कळलं.

नातीकडून मग बरंच समजलं. छापील चित्राचा पातळ कागद येतो, तो भांड्यावर चिकटवून भाजतात. झिलईच्या वर चिकटवला असेल तर नखाने कडेची बारीक पायरी लागते. झिलईखाली असेल तर नखाला काहीच लागत नाही, तेव्हा शेजारी धरून ताडून बघणं हाच उपाय. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं तर कधी कधी छपाईचे ठिपकेही दिसतात. गावातही छापील माल बनतो आणि तो छापील म्हणूनच, स्वस्तात, विकला जातो. त्यात काही गैर नाही. प्लॅस्टरच्या साच्यात माती ओतून केलेलं भांडंही खोटं नव्हे, तिथली कितीतरी घरं तेच करतात. बारीक जाळीसारख्या तड्यांची जी झिलई दिसते तीही दोष म्हणून टाकू नका. थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते म्हणून ती जाळी पडते, आणि बात त्रांगची ती जुनी ओळख आहे. चहाच्या पाण्याने ती जाळी काळपट करून कुणी भांडं पुरातन म्हणून विकू लागलं, तर मात्र तिथून निघा. शिवाय खरोखरची पुरातन वस्तू त्या देशातून परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही.

आमच्यासारखाच छापील कमळांचा संच बाजारात आम्ही विचारला. १६ लाख डोंग. घासाघीस न करता.

तिथून टॅक्सी करून त्या दुकानात गेलो. विक्रेती तीच होती, पण तिला आता इंग्रजी येईनासं झालं होतं. मॅनेजर आला आणि म्हणाला, कागद हाताने चिकटवतात म्हणजे हँडमेडच. मी बिल पुढे केलं. त्यावर फक्त ‘जेवणाचा संच एक’ आणि रक्कम, हे हॉटेलवरच्या मुलीने सकाळीच वाचून दाखवलं होतं. ‘हाताने रंगवलेला’ हा शब्द कुठेच नव्हता. नोटेचं तर नावच काढू नका म्हणाला, तेव्हा बघून घ्यायची. फार झालं तर दुकानातलं दुसरं काही घ्या, वर फरक द्या. आमचं विमान त्याच रात्री होतं. गाइडचा फोन लागला नाही.

मला सर्वांत जास्त राग पैशांचा आला नाही. दारात बसलेल्या त्या मुलीच्या हाताची किंमत आमच्याकडून वसूल झाली आणि ती तिला मिळाली नसणार, गल्लीतल्या आजींना तर नाहीच नाही. दिवसभर बसून जी बाई आठ पानं काढते, तिच्याच नावाने छापील माल चौपट भावात जातो, आणि मग माझ्यासारखी माणसं परत आल्यावर सांगतात की बात त्रांगला सगळं खोटंच असतं. तसं ते नाही. म्हणून मुद्दाम सांगते की जा, पण बसने जा, गावात शेवटपर्यंत आत जा, आणि जिथे मागच्या खोलीत माती दिसते तिथे घ्या. एका नक्षीच्या दोन वस्तू मागा आणि शेजारी धरा. हाताने रंगवलेल्याला तिकडे ‘वे ताय’ म्हणतात. तो शब्द बिलावर लिहून मागा. आम्ही गल्लीत मागितला तेव्हा आजींच्या नातीने हसत लिहून दिला, खरं विकणाऱ्याला त्यात अडचण नसते. बांधणी डोळ्यांसमोर करून घ्या. आणि गाडीवाला “हेच ते गाव” म्हणाला तर फोनवरचा नकाशा उघडून बघा, तेवढं एक केलं असतं तरी आम्ही वाचलो असतो.

आजींकडून मी तीन वाडगे आणले, माझ्या हातातल्या पिशवीत, साडीत गुंडाळून. वास्तुशांतीला लेकीला मी सगळं खरं सांगितलं आणि संचाचा खोका तिच्या माळ्यावर ठेवला. नैवेद्याची खीर तिने त्या तीन वाडग्यांपैकी एकात वाढली, आठ पानांच्या.

दोन कप मी स्वतःजवळ ठेवले आहेत. गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, ती मार्चमध्ये हनोईला चालली आहे. तिला बसचा ४७ए नंबर कळवला आणि त्या दोन कपांचा, चतुर एका दिशेला करून काढलेला, फोटो पाठवला.