एक लेख सुटला तर चालेल का? वैद्यकीय संशोधन शोधण्याच्या साधनांची तुलना

प्रबंधाचा विषय ठरतो, मार्गदर्शक ‘आधी लिटरेचर बघून या’ म्हणतात आणि गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते: बघायचं कुठे? पबमेड आहे, गूगल स्कॉलर आहे, संस्थेने पैसे भरले असतील तर एम्बेस आहे, आणि आता विचारल्याबरोबर संदर्भांसकट उत्तर देणारे चॅटबॉट आहेत. बहुतेक जण सवयीचं साधन उघडतात आणि त्यात जे सापडेल त्यालाच उपलब्ध संशोधन मानतात.

माझ्या मते निवड करताना ‘सगळ्यात चांगलं कुठलं’ हा प्रश्नच बाजूला ठेवावा. एखादा लेख सुटला तर तुमचं किती बिघडेल, हे आधी ठरवा. डॉक्टरांना हे गणित नवं नाही. तपासणीची संवेदनशीलता ताणली की खोटे पॉझिटिव्ह वाढतात, शोधाचंही तसंच. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून तोलणाऱ्या आढाव्यासाठी, टाकलेल्या जाळ्यात येणाऱ्या लेखांपैकी सरासरी तीनेक टक्केच शेवटी उपयोगाचे ठरतात, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं. म्हणजे हजार सारांश वाचून तीसेक लेख. वॉर्डात उद्या सकाळी एका रुग्णाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर हा सौदा वेडेपणाचा आहे. रिव्ह्यू लिहायचा असेल तर दुसरा मार्ग नाही.

तुलना हवेत राहू नये म्हणून दोन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवू. एक शिक्षणाचा: अल्ट्रासाऊंड सिम्युलेटरवर कमावलेलं कौशल्य प्रत्यक्ष रुग्णावर टिकतं का? दुसरा इमेजिंगचा: छातीच्या एक्स-रेवर न्यूमोनिया ओळखणारं एआय मॉडेल दुसऱ्या रुग्णालयातही तितकंच चालतं का? दोन्ही प्रश्न वैद्यकाच्या सीमेवरचे आहेत. पहिल्याचा एक पाय शिक्षणशास्त्रात आहे, दुसऱ्याचा संगणकशास्त्रात. अशा सीमेवरच एका साधनावर भिस्त ठेवणारे फसतात.

पबमेड आणि स्कॉलर

पबमेड अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, १९९७ पासून सर्वांना मोफत. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी. त्याचं खरं बळ संख्येत नाही, मेश या शब्दसूचीत आहे. ही सूची १९६० पासून चालत आलेली. एका लेखकाने ‘सोनोग्राफी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘अल्ट्रासाऊंड’, तिसऱ्याने ‘इकोग्राफी’, तरी तिन्ही लेखांवर एकच मेश शीर्षक चढतं. तुम्ही साधा शब्द टाकलात तरी पबमेड मागच्या मागे त्याला जुळणारं शीर्षक शोधून जोडतं. गंमत अशी की नेमकेपणासाठी आपण शब्दांना अवतरणचिन्हं लावतो किंवा शेवटी तारांकन टाकतो, तेव्हा ही जुळणी बंद पडते. निकाल अचानक घटले तर आधी हे तपासा. सर्च डिटेल्समध्ये तुमच्या शब्दांचं पबमेडने काय केलं ते पूर्ण दिसतं. स्कॉलरमध्ये असं आत डोकावता येत नाही.

मेशला मर्यादाही आहेत. नवी कल्पना शीर्षक म्हणून सूचीत यायला वेळ लागतो. ‘डीप लर्निंग’ २०१६ मध्ये आलं, त्याआधीचे लेख न्यूरल नेटवर्क किंवा अशाच जवळच्या शीर्षकांखाली गेलेले. शिवाय पबमेडमधली प्रत्येक नोंद मेडलाइनची, म्हणजे त्यातल्या निवडक नियतकालिकांच्या मुख्य साठ्याची, नसते, आणि जी नसते तिच्यावर मेश शीर्षकं नसतात. २०२२ पासून मेडलाइनची शीर्षकं लावायचं काम मुख्यतः यंत्रच करतं. वेग त्यामुळे खूप वाढला, पण नुसत्या मेशवर विसंबून केलेला शोध तरी अपुराच. शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही ‘किंवा’ने जोडून टाकावेत. ही सवय लावून घेतलीत तर अर्धी लढाई जिंकलात.

गूगल स्कॉलर २००४ चं. त्याची पोच अफाट: लेखाचा पूर्ण मजकूर, प्रबंध, परिषदांची इतिवृत्तं, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच खुले केलेले लेख), सगळं. दुसऱ्या प्रश्नात हा फरक ठळक दिसतो. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एआयची चर्चा ज्या चेक्सनेट मॉडेलने पेटवली, त्याचा लेख २०१७ मध्ये आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या साठ्यावर आला. पबमेड आर्काइव्हवरचे लेख सरसकट घेत नाही, त्यामुळे तिथे तो हाती लागणार नाही. स्कॉलरमध्ये तो सहज सापडतो, आणि त्याचा दाखला देणारे हजारो लेखही. उलट, त्याच धर्तीचं मॉडेल दुसऱ्या रुग्णालयात का अडखळतं हे दाखवणारा, प्लॉस मेडिसिन या नियतकालिकातला २०१८ चा अभ्यास पबमेडवर आहे. त्यात असं आढळलं की एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला हे मॉडेल जवळजवळ बिनचूक ओळखत होतं, आणि तिथे न्यूमोनियाचं प्रमाण किती याचा निदानात फायदा घेत होतं. नुसतं स्कॉलर पाहणाऱ्याला आधी गाजलेला दावा भेटतो, नुसतं पबमेड पाहणाऱ्याला मूळ दावा न वाचताच त्यावरची टीका.

मग स्कॉलरच का नाही? कारण ते ज्याचे दाखले जास्त त्याला वर चढवतं. गेल्या महिन्यातला चांगला लेख खाली कुठेतरी दबतो. निकाल लाखभर दिसले तरी पहिल्या हजारापुढे जाता येत नाही. शोधवाक्य साधारण २५६ अक्षरांत बसवावं लागतं, आणि गंभीर शोधवाक्य तेवढ्यात मावत नाही. शिवाय आज केलेला शोध सहा महिन्यांनी कुणी तसाच केला तर तेच हाती येईल याची खात्री नाही. २०२० मध्ये २८ शोधयंत्रणांची पारख करणारा एक अभ्यास आला, त्यात पुराव्यांच्या आढाव्यासाठी मुख्य साधन म्हणून स्कॉलर नापास झालं, पबमेड पास. पूरक साधन म्हणून मात्र स्कॉलर हवंच. एक चांगला लेख सापडला की ‘साइटेड बाय’वर टिचकी मारून पुढचा माग काढायला त्याच्याइतकं सोपं आणि फुकट दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही.

पैसे मोजून एम्बेस?

संस्थेकडे असेल तर हा प्रश्नच नाही, वापरा. नसेल तर स्वतःच्या खिशातून घ्यायची ती गोष्ट नाही. एम्बेस एल्सेव्हियरचं, औषधं आणि उपकरणांवर भर देणारं. त्याची एमट्री ही शब्दसूची मेशपेक्षा मोठी. युरोपातली नियतकालिकं आणि परिषदांचे सारांश त्यात जास्त सापडतात. रेडिओलॉजीत पुष्कळ काम आधी परिषदेत मांडलं जातं आणि त्यातलं काही पुढे लेख म्हणून कधीच येत नाही. म्हणून इमेजिंगच्या रिव्ह्यूत याचं वजन वाढतं.

किती वाढतं, याचा अंदाज २०१७ च्या एका अभ्यासातून येतो. ५८ सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंमध्ये शेवटी घेतलेल्या लेखांपैकी १६ टक्के फक्त एकाच डेटाबेसमध्ये सापडले होते, आणि असे एकटे लेख सर्वात जास्त एम्बेसनेच दिले. एम्बेस, मेडलाइन, वेब ऑफ सायन्स (सगळ्या विज्ञानशाखांचा डेटाबेस) आणि स्कॉलरचे पहिले दोनशे निकाल या चौकडीने एकूण ९८.३ टक्के लेख पकडले. तरीही सगळेच्या सगळे लेख हाती आले ते ७२ टक्के रिव्ह्यूंमध्येच. चौघं मिळूनही हे असं, तर एकट्या पबमेडवर लिहिलेल्या ‘सिस्टिमॅटिक’ रिव्ह्यूबद्दल परीक्षक कुरकुरले तर त्यांना दोष देता येत नाही.

शिक्षणाच्या प्रश्नाला एम्बेसपेक्षा एरिक जास्त उपयोगी. एरिक अमेरिकेच्या शिक्षण विभागाचं, मोफत. वैद्यकीय शिक्षणाची मोठी नियतकालिकं पबमेडमध्ये आहेतच, पण कौशल्य शिकून किती टिकतं, सराव किती अंतराने द्यावा, मूल्यमापन कसं करावं, यावरचं मूलभूत काम शिक्षणशास्त्रात आणि मानसशास्त्रात झालंय. ते वैद्यकाच्या कपाटात शोधत बसलं तर मिळत नाही. इमेजिंग-एआयसाठी त्याच न्यायाने आर्काइव्ह आणि अभियांत्रिकी-संगणकशास्त्राचा साठा असलेलं आयईईई एक्सप्लोअर पाहावं. संगणकवाल्यांकडे परिषदेतला लेख म्हणजे अंतिम प्रकाशन असतं. वैद्यकातली माणसं हे विसरतात.

आणि चॅटबॉट?

संदर्भ मागण्यासाठी नाही. २०२३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या तपासणीत जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के अस्तित्वातच नव्हते, जीपीटी-४ चे १८ टक्के. पुढच्या आवृत्त्या सुधारल्या असं धरलं, तरी बनावट संदर्भ खऱ्यासारखाच दिसतो. लेखक ओळखीचे, नियतकालिक खरं, वर्ष पटणारं, फक्त लेख नाही. तपासण्यात जो वेळ जातो त्यात पबमेडवर नीट शोध झाला असता.

लेखांच्या खऱ्या साठ्यावर बसवलेली एआय साधनं वेगळ्या पंक्तीत. सिमँटिक स्कॉलर हे ॲलन इन्स्टिट्यूटचं, २०१५ पासूनचं. एलिसिटसारखी साधनं त्याच्याच साठ्यावर उभी राहिली. इथे शब्द जुळवण्याऐवजी अर्थाची जवळीक पाहिली जाते. ‘सिम्युलेटरवर शिकलेलं रुग्णावर उतरतं का’ असं सरळ विचारता येतं, आणि तुम्हाला ठाऊक नसलेला शब्द वापरणारा लेखही समोर येतो. अनोळखी विषयात पहिला तास घालवायला हे उत्तम. पण एखादा लेख का आला आणि दुसरा का आला नाही, हे सांगता येत नाही, आणि ‘एवढेच लेख आहेत’ असं म्हणायचा आधार तुमच्याकडे राहत नाही.

चॅटबॉटकडून शोधवाक्य बनवून घ्यावं का? मर्यादित अर्थाने, हो. २०२३ च्या एका प्रयोगात चॅटजीपीटीच्या शोधवाक्यांनी नेमके लेख आणले, पण बरेच लेख सोडले. रिव्ह्यूला पाहिजे त्याच्या बरोबर उलट. समानार्थी शब्दांची यादी मागावी, तिच्यातलं प्रत्येक मेश शीर्षक सूचीत खरंच आहे का ते स्वतः पाहावं, आणि वाक्य आपल्या हाताने रचावं.

तर, कुणी काय निवडावं

रुग्णापुरता प्रश्न असेल तर पबमेड, रुग्णसेवेच्या प्रश्नांसाठीचं त्यातलं क्लिनिकल क्वेरीज हे गाळण लावून, आणि जोडीला सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा संग्रह असलेली कॉक्रेन लायब्ररी. तेवढ्यात थांबा.

सेमिनार किंवा प्रबंधाचा प्रस्ताव असेल तर अर्थावर चालणाऱ्या साधनात तासभर फिरा, शब्द गोळा करा, मग पबमेड, मग दोन-तीन मुख्य लेखांवरून स्कॉलरमध्ये पुढे-मागे माग काढा. विद्यार्थ्याला माझा सल्ला हाच, आणि बहुतेकांना एवढं पुरतं.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असेल तर पबमेड आणि एम्बेस, शिवाय विषयाच्या दुसऱ्या पायाचा डेटाबेस, शिवाय स्कॉलरचे पहिले दोनशे. हाताशी वैद्यकीय ग्रंथपाल असेल तर सुरुवातीपासून सोबत घ्या, शोधवाक्य बिघडल्यावर नव्हे. सारांश चाळायला रय्यान हे ऑनलाइन साधन चालेल. उट्रेख्ट विद्यापीठातलं एएस-रिव्ह्यू तुमच्या होकार-नकारावरून शिकत उपयोगी लेख वर आणतं, वेळ वाचतो. पण चाळणं कुठे थांबवायचं हे आधी लिहून ठेवा, नाहीतर कंटाळा आला की नियम आठवतो.

शोध चांगला झाला तरी हाती चांगलंच लागेल असं नाही. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरच्या एआय मॉडेलांचा आढावा २०२१ मध्ये आला. तो करणाऱ्यांनी मेडलाइन, एम्बेस आणि तीन प्रीप्रिंट साठे धुंडाळले. २,२१२ अभ्यास, पहिल्या चाळणीनंतर ४१५, गुणवत्तेच्या चाळणीनंतर ६२, आणि रुग्णांसाठी वापरण्याजोगं मॉडेल एकही नाही. काही मॉडेलांना ‘कोविड नसलेले’ एक्स-रे म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे शिकवले होते. म्हणजे मॉडेल कोविड ओळखायला नाही, तर मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखायला शिकण्याचा धोका. प्रीप्रिंट वगळले असते तर हे चित्र अर्धंच दिसलं असतं.

साधन कुठलंही असो, तारीख, डेटाबेस, तो कुठल्या संकेतस्थळावरून उघडला, आणि पूर्ण शोधवाक्य जसंच्या तसं, ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रिझ्मा-एस ही रिव्ह्यूतला शोध कसा नोंदवावा हे सांगणारी २०२१ ची १६ मुद्द्यांची यादी नेमकं हेच मागते, आणि नंतर आठवून ती भरता येत नाही. पबमेडमध्ये खातं काढून शोध जतन केलात तर नव्या लेखांची सूचना ईमेलने येत राहते. हस्तलिखित पाठवण्याआधी सगळे शोध पुन्हा एकदा चालवा, कारण मधल्या काळात लेख येतच राहतात, आणि काही मागेही घेतले जातात.