राजारामपुरीतल्या कॉफी शॉपमधलं चित्रप्रदर्शन: कुठं बसावं, काय बघावं, घेताना काय तपासावं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या कॉफी शॉपमध्ये आठ स्थानिक चित्रकारांनी मिळून प्रदर्शन मांडलंय. एकूण 34 कामं आहेत. बहुतेक जलरंग, सहा लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून घेतलेले छाप), चार पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाची पूड कापसानं घासून काढलेली व्यक्तिचित्रं आणि थोडे डिजिटल प्रिंट. प्रवेश मोफत आहे आणि काही मागवायची सक्ती नाही. तरी कॉफी मागवा आणि बसा. कलादालनात माणूस एका चित्रासमोर फार तर मिनिटभर थांबतो, इथं समोरच्या भिंतीवरचं चित्र अर्धा तास नजरेसमोर राहतं. नुसती हातचलाखी तेवढ्या वेळात उघडी पडते.

या कसोटीला सगळ्यात पक्कं उतरतं ते पंचगंगा घाटाचं जलरंगातलं चित्र. आकार क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे 11 × 15 इंच. पांढरा रंग कुठंच लावलेला नाही. पाण्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. धुकं ओल्या कागदावर सोडलंय, आणि दीपमाळेची कड कागद पूर्ण वाळल्यावर एकाच फटकाऱ्यात ओढलीय. डावीकडच्या पायऱ्यांवर मात्र घाई झालीय. कागद अर्धवट वाळलेला असताना जास्त पाण्याचा ब्रश पुन्हा लागला, त्या पाण्यानं आधीचा रंग कडेला ढकलला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठला. तरीही चित्र उभं राहतं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथल्याच कोटितीर्थ तलावाच्या काठी पाणी आणि उजेड रंगवला, त्या गावात असं काम अजून होतंय याचा आनंद मोठा आहे.

लिनोकटमधलं गुऱ्हाळही चुकवू नका. चुलवाणातला जाळ हा कोरून काढलेला पांढरा भाग आहे, आणि काहिलीवरची वाफ बारीक आडव्या रेघांची. खाली पेन्सिलीनं 4/15 लिहिलंय, म्हणजे एकूण पंधरा छापांतला हा चौथा. पावडर शेडिंगची व्यक्तिचित्रं ठीक आहेत. गालाची गोलाई छान उतरलीय, पण डोळ्यांभोवती कापूस जास्त फिरल्यानं कडा हरवल्यात. हे तंत्र काय करू शकतं ते बघायचं असेल तर राजारामपुरीतच अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथं जाऊन या.

मांडणीत चुका आहेत. सगळी चित्रं मध्य जमिनीपासून 60 इंचांवर धरून लावलीत. उभ्यानं बघायच्या दालनात ते चाललं असतं. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर साधारण 47 इंचांवर असते, त्यामुळे इथं मान वर करूनच बघावं लागतं. टेबलांसमोरच्या भिंतीवर मध्य 52 इंचांवर आणला असता तर बसणाऱ्याला आणि उभ्याला दोघांनाही सोयीचं झालं असतं. सोफ्याच्या मागची चित्रं वरच हवीत, पाठीपासून निदान 8 इंच, नाहीतर डोकी घासून फ्रेमला तेल लागतं. काही फ्रेम एकाच खिळ्यावर आहेत, दार आपटलं की तिरप्या होतात. दोन बाजूंना दोन हुक आणि खालच्या कोपऱ्यांत फेल्टचे दोन तुकडे लावले की फ्रेम हलत नाही आणि मागून हवाही खेळते.

सगळ्यात काळजीची जागा म्हणजे कॉफी मशीनच्या बाजूची भिंत. दूध गरम करताना उठणारी वाफ थेट दोन जलरंगांवर जातेय. त्यातलं एक माउंट (चित्र काचेपासून दूर ठेवणारी जाड पुठ्ठ्याची चौकट) न लावताच काचेला चिकटवून फ्रेम केलंय, आणि कागद आताच लाटा धरू लागलाय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अशा कागदाला बुरशीचे तपकिरी ठिपके यायला वेळ लागत नाही. ही दोन्ही चित्रं आजच तिथून काढावीत आणि त्या जागी लिनोकट नव्हे, कॅनव्हासवरचं कामही नव्हे, नुसता माहितीफलक लावावा. पश्चिमेच्या खिडकीतलं गुलमोहराचं चित्रही हलवायला हवं. त्यातला ॲलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग उन्हानं उडणारा आहे.

जायची वेळ सकाळी 11 ते दुपारी 3. संध्याकाळी फिलामेंटचे पिवळे दिवे लागतात, निळा रंग मळकट दिसतो आणि काचेत दिव्यांचीच प्रतिबिंबं पडतात. खिडकीला पाठ करून दुसऱ्या टेबलावर बसलात तर घाट आणि गुऱ्हाळ दोन्ही समोर येतात. कॉफीबद्दल सांगायचं तर फिल्टर कॉफी चांगली, कॅपुचिनो फार गोड.

किमती रास्त आहेत. क्वार्टर इम्पिरियल जलरंग फ्रेमसह 4,500 ते 7,000, लिनोकट 1,800. दुकान 15 टक्के घेतं, बाकी पैसे यूपीआयनं थेट चित्रकाराच्या खात्यात जातात, हे फलकावर स्पष्ट लिहिलंय. असं लिहायची पद्धत सगळीकडे पडायला हवी. खटकतं ते एवढंच की डिजिटल प्रिंटच्या पट्टीवरही फक्त नाव आणि किंमत आहे. माध्यम आणि प्रतींची संख्या नाही. 2,500 रुपये देणाऱ्याला आपण मूळ चित्र घेतोय की प्रत, हे कळलंच पाहिजे.

चित्र घ्यायचं ठरवलंत तर फ्रेम उलटी करून दाखवायला सांगा. मागं सेलोटेप किंवा साधा पुठ्ठा दिसला तर दोन्ही काही वर्षांत पिवळे पडून कागदालाही डाग देतात, तेव्हा ॲसिड-फ्री बोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा घालून मागा किंवा फ्रेमचे पैसे वजा करून नुसतं चित्र घ्या. पुढून बघताना कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाडी दिसते का ते तिरपं धरून तपासा. बिलावर चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहून घ्या. लाल ठिपका लावलेलं चित्र विकलं गेलेलं असतं, पण प्रदर्शन उतरेपर्यंत ते भिंतीवरच राहतं. घाटाच्या चित्राला अजून ठिपका लागलेला नाही.