‘12ए आणि 80जी करून देतो’ : आमच्या वाचनालयाची फसवणूक कशी झाली

गुहागर तालुक्यातील आमच्या गावचे वाचनालय हा रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदलेला न्यास असून त्याचा खजिनदार या नात्याने, पुढे जे घडले त्याची अर्धी जबाबदारी माझी आहे हे आधीच मान्य करतो. अशा लहान न्यासांचे पदाधिकारी अजूनही ‘आयकराची सूट मिळवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारांना घरी बोलावून चहा पाजत आहेत असे ऐकतो, म्हणून हे लिहीत आहे.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा वाचनालयाने गावच्या मुंबईकर चाकरमान्यांकडून वर्गणी गोळा करून वह्या, चादरी आणि धान्य पूरग्रस्तांपर्यंत पोहोचवले. त्या वेळी दोन-तीन देणगीदारांनी 80जीची पावती मागितली आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो, कारण धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे आयकरातही सूट मिळालीच, अशी कार्यकारिणीतील बहुतेकांची समजूत होती. वस्तुतः ही दोन वेगळी दारे आहेत. धर्मादाय नोंदणीने न्यासाला कायदेशीर अस्तित्व मिळते. न्यासाच्या उत्पन्नावरील करमाफीसाठी त्या वेळी लागू असलेल्या 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 12एबीखाली (लोकांच्या तोंडी अजून ‘12ए’च आहे) आणि देणगीदाराला वजावट मिळावी यासाठी कलम 80जीखाली, अशी स्वतंत्र मान्यता आयकर खात्याकडून घ्यावी लागत असे.

आमच्या या अज्ञानावरच आम्हाला भेटलेल्या सल्लागाराचा धंदा चालत होता. 2022च्या मे महिन्यात, आंब्याच्या घाईत, तो गावात आला. पुण्याच्या आयकर कार्यालयात आपली रोजची ऊठबस आहे असे त्याने सांगितले आणि एकूण 48,000 रुपये मागितले, त्यांपैकी 20,000 रुपये ‘सरकारी फी’ म्हणून. आमची वर्षाची जमा त्या वेळी चार लाखांच्याही आत होती. तरी ठराव करून आम्ही पैसे दिले. नंतर कळले की या नोंदणीसाठी आयकर खात्याच्या पोर्टलवर जो 10ए अर्ज भरायचा होता, त्याला सरकारी फी एक रुपयाही नव्हती.

तीन आठवड्यांत दोन प्रमाणपत्रे आली आणि आम्ही ती फ्रेम करून वाचनालयाच्या भिंतीवर लावली. त्यांवर ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द स्पष्ट छापलेला होता. तात्पुरती नोंदणी न्यासाच्या कामकाजाची चौकशी न करता, कागदपत्रांवरून तीन वर्षांपुरती मिळते. ती मिळवून देण्यात कोणाच्या ओळखीचा काडीचाही संबंध नसतो. खरी परीक्षा त्यापुढच्या, नियमित नोंदणीसाठीच्या 10एबी अर्जाच्या वेळी असे, कारण न्यास धर्मादाय उद्दिष्टांसाठीच काम करतो की नाही, हे आयकर आयुक्त (सूट) यांचे कार्यालय तेव्हा हिशेब, न्यासाची घटना (नियमावली) आणि कामाचे पुरावे मागवून तपासत असे.

या परीक्षेत आम्ही कुठे अडकू शकतो, हे त्या गृहस्थाने एकदाही विचारले नाही. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरणरक्षण अशी उद्दिष्टे कायद्याने धर्मादाय मानली आहेत आणि वाचनालय त्यांत सहज बसते. पण गावच्या रीतीप्रमाणे शिमग्याच्या पालखीचा काही खर्चही आम्ही वाचनालयाच्याच खात्यातून करत आलो होतो आणि 80जीची मान्यता असलेल्या संस्थेला धार्मिक कार्यावर वर्षाच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. शिवाय आमच्या जुन्या घटनेत एका विशिष्ट ज्ञातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचे कलम होते. एका धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला 80जी मिळत नाही. जाणकाराने या दोन्ही अडचणी पहिल्याच बैठकीत दाखवल्या असत्या आणि घटनादुरुस्ती करून घेतली असती. उत्पन्नाच्या किमान 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते, हेही आम्हाला खूप उशिरा समजले. सुदैवाने आमच्याकडे शिल्लक उरतच नव्हती.

2024मध्ये ‘कायमचे करून घेऊ’ म्हणून त्याने आणखी 30,000 रुपये नेले आणि अर्ज भरला. फोनवर आलेला ओटीपी आमच्या कार्यवाहांनी त्याला सांगितला. पोर्टलवरील संस्थेच्या खात्यात त्याने पहिल्याच दिवशी स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल नोंदवून ठेवला होता आणि पासवर्डही त्याच्याकडेच होता. खरा फटका बसला तो याचा. पुण्याहून आलेल्या नोटिसा त्याच्या ईमेलवर जात राहिल्या. त्याने उत्तर दिले नाही, आम्हाला कळवलेही नाही. संधी देऊनही खुलासा न आल्याने 2025च्या फेब्रुवारीत आमचा अर्ज फेटाळला गेला आणि त्याबरोबर तात्पुरती नोंदणीही रद्द झाली. इकडे आम्ही त्या रद्द झालेल्या क्रमांकाच्या पावत्या फाडत होतो.

जुलैमध्ये डोंबिवलीहून एका देणगीदाराचा फोन आला. “काका, पावती आहे हो, पण 10बीई कुठाय? सीए म्हणतो, त्याशिवाय वजावट नाही.” तेव्हा उलगडा झाला. मिळालेल्या देणग्यांचे 10बीडी हे विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत भरावे लागत असे आणि त्यावरूनच देणगीदाराचे 10बीई प्रमाणपत्र निघत असे. उशीर झाल्यास दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क लागत असे. पहिली दोन वर्षे त्याने ते भरले होते, नंतर सोडून दिले. त्यातच काही चाकरमान्यांनी आम्हाला पाच-पाच हजार रोख दिले होते, आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीला 80जीची वजावट मुळात मिळतच नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर कोणत्याही पावतीचा उपयोग नव्हता. हे सांगायचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही.

तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला की ओटीपी कोणी दिला. पैसे दिल्याची पावती एका साध्या कागदावर होती, तीवर शिक्का नव्हता आणि ‘सरकारी फी’ हे शब्दही नव्हते. त्याचा क्रमांक तेव्हापासून बंद आहे.

पॅनकार्डाची प्रत, धर्मादाय नोंदणीचा दाखला आणि कार्यकारिणीचा ठराव पाठवून आम्ही पोर्टलवरील खाते परत मिळवले असून आता तेथे वाचनालयाचा ईमेल आणि अध्यक्षांचा क्रमांक आहे. चिपळूणच्या एका सनदी लेखापालांनी अपील तयार केले. मुदत उलटून गेली होती, म्हणून विलंबमाफीचा अर्जही जोडावा लागला. ते पुण्याच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढे प्रलंबित आहे. दरम्यान पालखीचा हिशेब देवस्थानाच्या खात्याकडे वर्ग केला आहे आणि शिष्यवृत्तीच्या कलमातून ज्ञातीचा उल्लेख वगळण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव धर्मादाय कार्यालयात दाखल केला आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत वाचनालयाच्या पावत्यांवर 80जीचा उल्लेख नसतो आणि देणगी घेण्यापूर्वी मी तसे प्रत्येकाला तोंडी सांगतो. त्यामुळे या वर्षी वर्गणी निम्म्यावर आली आहे.