पेटी घ्यायची की कीबोर्ड? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी तुलना

घरात कुणी वाजवायला शिकायचं ठरलं, की नौपाड्यापासून नेरूळपर्यंत चर्चा बहुतेक वेळा याच दोन वाद्यांवर येऊन थांबते. दोन्हींवर सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, त्यामुळे 'एक आलं की दुसरं आपोआप येतं' असं हमखास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. उजव्या हाताचं काम बरंचसं सारखं असतं, डाव्या हाताचं मुळीच नाही. पेटीवर डावा हात भाता सांभाळतो, कीबोर्डवर तो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, धरतो. पुढची चार-पाच वर्षं डाव्या हाताला यातलं कोणतं काम शिकवायचं आहे, हे आधी ठरवा. किंमत, जागा आणि शेजारी यांचा विचार त्यानंतर.

डावा हात काय करतो

पेटीत भाते दोन असतात. बाहेरचा, हाताने चालवायचा भाता हवा आत ढकलतो. आतला, स्प्रिंगवर बसलेला भाता ती साठवतो आणि एकसारख्या दाबाने सुरांना देतो. नवशिका प्रत्येक मात्रेला बाहेरचा भाता आपटतो. मग आवाज हेलकावे खातो आणि सूरही हलतो, कारण हवेचा दाब एकदम वाढला की रीडचा, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या आतल्या पितळी जिभेचा, सूर किंचित उतरतो. खर्जाच्या सुरांत हे जास्त जाणवतं. यावर साधा रियाज आहे. सुरुवातीचे काही आठवडे रोज पाच मिनिटं एकच सा धरायचा. भाता मनगट सैल ठेवून बोटांनी हलवायचा, तळव्याने दाबायचा नाही. आतली हवा संपायच्या आत पुढचा हात मारायचा. सा न थरथरता सलग राहिला, की मगच अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे. हे ज्याला जमलं त्याचं साधं भजनही भरीव वाजतं, आणि ज्याने टाळलं त्याची पेटी विशारदच्या परीक्षेपर्यंत धापा टाकत राहते.

कीबोर्डवर हवेचा प्रश्नच नाही. तिथे डाव्या हाताला सी, एफ, जी अशा तीन-तीन पट्ट्यांच्या कॉर्डपासून सुरुवात करावी लागते, आणि उजव्या हाताची चाल चालू असताना कॉर्ड बदलणं ही खरी पायरी असते. इथली खोड वेगळी आहे. ऑटो-अकंपनीमेंट चालू केलं, की एका बोटाने कॉर्ड लागते, मागे ड्रम आणि बेस आपोआप वाजतात आणि महिन्याभरात 'गाणं येतं'. यंत्र बंद केलं की मात्र लय सुटते. म्हणून पहिले सहा महिने फक्त मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्रावर), दोन्ही हात स्वतंत्र, असं शिकवणारा शिक्षक शोधावा. घोडबंदर रोडवर काय किंवा खारघरमध्ये काय, क्लास निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

घरात कुणी गाणारं असेल, भजनी मंडळाला साथ करायची असेल किंवा स्वतः गात वाजवायचं असेल, तर पेटी घ्या. सिनेसंगीत, शाळेचा बँड, पाश्चात्त्य स्वरलेखन किंवा पुढे पियानो असा रोख असेल, तर कीबोर्ड. 'दोन्ही थोडं थोडं' हा पर्याय पहिल्या दोन वर्षांत टाळलेला बरा.

पट्टी बदलणं आणि त्यातली पळवाट

गाणाऱ्याचा सा कुठे, म्हणजे त्याची पट्टी कोणती, यावर साथीदाराचं सगळं अवलंबून असतं. पुरुषांचा सा साधारण पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी, सी) ते पांढरी दोनच्या आसपास, बायकांचा बहुधा काळी चार-काळी पाचच्या जवळ. भजनात पट्टी आणखी चढलेली असते. पेटी शिकणाऱ्याने यमन काय, भूप काय, निदान चार-पाच पट्ट्यांवरून वाजवायला शिकलंच पाहिजे. काळी चार सा धरली की बोटांची सगळी मांडणी बदलते, अंगठा कुठे घ्यायचा ते नव्याने ठरवावं लागतं. इथेच हात तयार होतो.

कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. सगळं पांढरी एकवरूनच वाजवायचं आणि बटण दाबून सा हवा तिथे न्यायचा. स्केल चेंजर पेटीत हीच सोय पट्ट्यांचा संच सरकवून मिळते. कार्यक्रमात अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते. शिकताना मात्र तिची सवय लागली, की साधी पेटी समोर आल्यावर आणि गायिकेने 'काळी चार' म्हटल्यावर हात थिजतो. पहिली पेटी स्केल चेंजर घेऊ नये, याचं हे एक कारण. दुसरं यांत्रिक आहे: सरकणारे भाग जितके जास्त, तितक्या हवा गळायच्या आणि पट्ट्या अडकायच्या जागा जास्त.

मींड दोन्हींवर मूळची नाही. पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताच येत नाही. शिवाय बारा सूर समान अंतरावर लावलेले असतील तर शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट धरतात) चढा लागतो. अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी केली होती. आजही तयार वादक एका ठरावीक सा-साठी गंधार ट्यूनिंग करून घेतात. त्या एका पट्टीत पेटी फार गोड लागते, बाकीच्या पट्ट्यांत खटकते. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या २२ सूक्ष्म सुरांची, पेटी केली, ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. नवशिक्याने समान अंतराचंच ट्यूनिंग घ्यावं. कीबोर्डवर पिच बेंडचं चाक असेल तर मींडेचा आभास देता येतो, पण ते फिरवायला डावा हात लागतो, म्हणजे कॉर्ड सुटते. काही मॉडेल्समध्ये प्रत्येक सूर सेंटमध्ये वर-खाली करता येतो. रागसंगीताची आवड असेल तर ही सोय आहे का, ते दुकानात विचारून घ्या.

फ्लॅट, पावसाळा आणि लोकल

रात्री दहानंतर वाजवायचं असेल तर निर्णय जवळजवळ कीबोर्डच्या बाजूने लागतो, कारण त्याला हेडफोन लावता येतो. पेटीचा आवाज हळू भात्याने आणि एकच स्टॉप (रीडकडे हवा सोडणारी खुंटी) उघडून कमी करता येतो, पण बंद करता येत नाही. भिंतीला टेकवलेल्या टेबलावर पेटी ठेवली तर आवाज भिंतीतून पलीकडे जातो. जमिनीवर सतरंजी घालून, भिंतीपासून दूर ठेवली तर फरक पडतो.

गणपतीत चित्र उलटं होतं. सोसायटीच्या मांडवात टाळ आणि ढोलकी सुरू झाली, की कीबोर्डचे आतले छोटे स्पीकर ऐकूच येत नाहीत. अँप्लिफायर, वायर, वीज असा सगळा लवाजमा लागतो. पेटी उचलली, बसवली आणि आरती सुरू.

जून ते सप्टेंबर दोन्ही वाद्यांची परीक्षा असते, आणि खाडीलगतच्या वाशी, ऐरोली, कोपरीसारख्या भागांत जरा जास्तच. दमट हवेने पेटीचं लाकूड फुगतं, शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. मग स्टॉप उघडला, की एक सूर आपोआप चालू राहतो. पट्टीच्या तारेच्या स्प्रिंगला गंज चढला किंवा पट्टीखालच्या चामड्याच्या गादीखाली कचरा बसला, तरी हेच होतं. उलट एखादा सूर बोलतच नसेल, तर रीडची जीभ आणि चौकट यांच्या फटीत धूळ अडकलेली असते. जीभ पितळेची असते आणि फट केसाएवढी. वरचं झाकण काढून मऊ ब्रशने झटकावं, किंवा पातळ कागदाने जीभ अलगद उचलून सोडावी. सुरीने खरवडू नये. जिभेच्या टोकाकडचं पितळ कमी झालं की सूर चढतो, मुळाकडचं कमी झालं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

पावसाळ्यात पेटी रोज दहा मिनिटं वाजवणं हीच सगळ्यात चांगली निगा. हवा खेळती राहते. वर सुती कापड घालावं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर ओल आतच राहते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर महिन्याला बदलाव्यात. आतल्या लोकरी कापडाला कसर लागते, म्हणून वापरात नसलेली पेटीही अधूनमधून उघडून पाहावी. सूर जुळवून घ्यायचे तर पाऊस पूर्ण सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भर जुलैत जुळवलेली पेटी दिवाळीपर्यंत पुन्हा हलते.

कीबोर्डला सूर उतरण्याची भीती नाही. त्याचं दुखणं पट्ट्यांखाली असतं. तिथे रबराच्या पट्टीवर कार्बनचे दोन-दोन बिंदू असतात आणि त्या दोन बिंदूंच्या स्पर्शातल्या वेळेवरून पट्टी जोरात दाबली की हळू, हे यंत्राला कळतं. ओल किंवा धूळ बसली, की एखादी पट्टी मुकी होते, नाहीतर हळू दाबूनही दणकन वाजते. बऱ्याचदा सर्किट बिघडलेलं नसतं. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की काम होतं. झाकण न घालता उघडा ठेवलेला कीबोर्ड हमखास या वाटेने जातो. झुरळांनाही आतली ऊब आवडते.

वजनाचं म्हणाल तर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चार-पाच किलो, पण जवळपास मीटरभर लांब. पेटी साधारण आठ ते बारा किलो, पण आटोपशीर. रिक्षात पेटी पायाशी मावते, कीबोर्ड उभा धरावा लागतो. सकाळी आठला ठाणे स्टेशनात दोन्ही घेऊन चढणं अवघड. ट्रान्सहार्बरने वाशीला क्लासला जायचं असेल तर दुपारची वेळ घ्या, नाहीतर क्लासमधलं वाद्य वापरा.

दुकानात पेटी तपासताना

आधी सगळे स्टॉप बंद करून भाता चालवा. आतला भाता भरला की हाताला ताण लागला पाहिजे. फुस्स आवाज आला किंवा भाता सैलच राहिला तर हवा गळते आहे. मग स्टॉप उघडा, पट्टी मात्र दाबू नका: एकही सूर कुजबुजता कामा नये. नंतर हवा भरून भाता थांबवा, एकच पट्टी धरा आणि मोजा. दहा सेकंद तरी सूर टिकला पाहिजे.

आता सगळ्यात वरच्या पट्टीपासून खालपर्यंत एकेक सूर अगदी हळू हवेवर वाजवा. चांगला सूर कमी हवेतही लगेच बोलतो. उशिरा बोलणारा पुढे त्रास देतो. दोन सुरांची म्हणजे खर्ज-नर (प्रत्येक पट्टीला एक खालच्या सप्तकातली आणि एक मधली अशा दोन रीड असलेली) पेटी असेल तर दोन्ही स्टॉप उघडून एक पट्टी दाबा. आवाजात लाटा उठल्या तर दोन रीड एकमेकांशी जुळलेल्या नाहीत. फोनवरच्या ट्यूनरने चार-पाच सूर तपासा. शेवटी पट्टी बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड वाजली तर खाचा सैल आहेत.

३९ किंवा ४२ पट्ट्या, दोन रीड, कपलर नसलेली पेटी शिकायला पुरते. कपलरने एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबली जाते, त्याने आवाज भरतो, पण पट्ट्या जड होतात, आणि नवशिक्याची बोटं त्यात आखडतात. नऊ स्टॉप बघून भुलू नका, त्यातले काही नुसते आधारसुरांचे असतात. सात वर्षांखालच्या मुलाचा डावा हात मोठ्या पेटीच्या भात्यापर्यंत धड पोहोचत नाही. त्याच्यासाठी लहान आकाराची पेटी बघा, नाहीतर वर्षभर गळ्यावर सरगम करून घ्या. वर्षभराची सरगम कधीच वाया जात नाही.

कीबोर्डची तपासणी लवकर आटोपते. पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि ६१ हव्यात. छोट्या पट्ट्यांचं खेळणं घेऊ नये, बोटांमधलं अंतरच चुकीचं बसतं. टच रिस्पॉन्स, म्हणजे पट्टी जोरात की हळू दाबली त्यानुसार आवाज बदलण्याची सोय, हवाच, तो नसेल तर हात हलका-जड करायला कधीच शिकत नाही. यामाहाचं पीएसआर-एफ ५२ स्वस्त आहे, पण त्यात टच रिस्पॉन्स नाही, हे लक्षात ठेवून निवडा. यामाहा पीएसआर-आय ५०० किंवा कॅसिओ सीटी-एक्स ८७० आयएनसारख्या भारतीय आवाजांच्या मॉडेल्समध्ये तबला-तानपुऱ्याची सोबत मिळते. अ‍ॅडॉप्टर सोबत आहे का, हेडफोनचं भोक कोणत्या मापाचं आहे आणि स्टँड डुलतो का, एवढं बघा. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं पाहिजे.

परीक्षा आणि पैसे

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत पेटी घेता येते, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. मंडळाचं संकुल वाशीतच आहे. या परीक्षांत भर स्वतंत्र वादनावर असतो, त्यामुळे साथीचा सराव वेगळा करावा लागतो. कीबोर्डसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड आहेत, इनिशियलपासून आठवीपर्यंत, आणि त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता यावं लागतं.

किमती दुकानागणिक बदलतात, तरी कामाची दोन रीडची पेटी साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत आणि टच रिस्पॉन्सचा कीबोर्ड दहा ते वीस हजारांत बसतो, असं धरून चाला. पुढचा हिशेब वेगळा आहे. चांगली पेटी सूर जुळवत, भाता बदलत पंचवीस-तीस वर्षं चालते आणि विकली तरी किंमत येते. कीबोर्डचं मॉडेल काही वर्षांत जुनं होतं आणि सुटे भाग मिळेनासे होतात. त्यामुळे जुना कीबोर्ड घेताना हेडफोन लावून प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात अशी दोनदा वाजवून घ्या. जुनी पेटी घ्यायची तर शिक्षकाला किंवा कारागिराला बरोबर न्या, आणि शक्यतो पावसाळ्यात जा: गळणारा भाता, अडकणारी पट्टी, सुस्त सूर, सगळं त्या चार महिन्यांत उघडं पडतं.