काकांचं लाल रीळ, दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आधीच सांगून टाकतो. दिवसभर ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकत किनाऱ्याने चालायचं असेल तर हे मासे गरवायचं रीळ तुमच्यासाठी नाही. मनगट भरून येतं. नव्या लो-प्रोफाइल, म्हणजे बसक्या आकाराच्या, रिळाच्या जवळजवळ दीडपट वजन आहे आणि हँडल कितीही गरागरा फिरवलं तरी दोरा आपल्या मर्जीने येतो. हे माहीत असूनही गेल्या ऑक्टोबरपासून मी दुसरं रीळ फारसं हातात धरलेलं नाही. का, ते लिहितो.

रीळ आहे आबू अँबॅसडर ५०००. लाल रंगाचं, गोल, स्वीडनमध्ये बनलेलं. आमच्या घरात अँबॅसडर म्हटलं की गाडीच माहीत, त्यामुळे रिळावरचं नाव वाचून आम्ही पोरं समजायचो की गाडीवाल्यांनीच जोडधंदा म्हणून बनवलं असणार. स्पेलिंग वेगळं आहे हे माझ्या बहिणीच्या लक्षात आलं, तर तिला सगळ्यांनी गप्प केलं. काका जहाजावर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी ते घेतलं आणि सुट्टीवर आले की आठ-दहा दिवसांतच कुंडलिकेच्या खाडीवर गरवायला निघायचे. मी सोबत, कोलंबीचा डबा धरायला. रिळाला हात लावायची परवानगी मला दहावीनंतर मिळाली. पहिल्याच फेकीत दोऱ्याचं असं घरटं केलं की काका हसलेसुद्धा नाहीत. टोपीच्या पट्टीत खोचलेली काकूची क्रोशाची सुई काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः पलीकडे जाऊन बसले. अर्धा तास मी बॅटरीच्या उजेडात एकेक फेरा सोडवत होतो आणि डास मला खात होते.

काका गेल्यावर रीळ माळ्यावर गेलं. वीस-बावीस वर्षं. घर रंगवायला काढलं तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडलं. सोबत एक टोबी चमचा (चमच्यासारखं धातूचं आमिष), मस्टड कंपनीच्या गंजलेल्या गऱ्यांचं पाकीट आणि हात लावला की तुटणारं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. हँडल फिरत नव्हतं. बाजूच्या चकत्यांच्या कडेला पांढरी बुरशीसारखी पूड साठली होती. ती बुरशी नव्हे, खाऱ्या पाण्याने खाल्लेलं ॲल्युमिनियम. पितळी भागांवर हिरवा कळंक.

रिळाचा जो पाय काठीला बसतो, त्याच्या आतल्या बाजूला आकडा कोरलाय. त्या काळातल्या आबू रिळांवर पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे असतात. काकांच्या रिळावर ७५०३ ने सुरुवात आहे, म्हणजे मार्च १९७५. जुनं रीळ विकत घेणार असाल तर हा आकडा आधी बघा, विकणारा काय वय सांगतो ते नंतर ऐका.

उघडायला हे रीळ सोपं आहे, आणि मला वाटतं त्याची खरी किंमत तिथे आहे. हँडलच्या बाजूला तीन खाचेदार स्क्रू आहेत, ते बोटांनीच सुटतात. बाजू बाहेर येते, स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, हातात येतो. पुढचं सगळं साध्या स्क्रूड्रायव्हरने आणि पान्याने. एकही भाग चिकटवलेला नाही, एकही असा नाही की तो काढताना तोडावाच लागेल. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे पितळी दाते पिवळेधमक निघाले. पितळेला मी चिंच लावली. घरातल्या समईला चालते तर याला का नाही? चालली. फक्त नंतर गोड्या पाण्याने नीट धुवा आणि वाळल्यावर लगेच तेलाचं बोट फिरवा, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा काळवंडतं.

चिंच चालली म्हणून माझी हिंमत वाढली आणि तिथे घोळ केला. लाल चकत्यांवरची मेणचट काळी घाण निघेना, म्हणून डावी चकती धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात टाकली आणि जेवायला गेलो. परत आलो तर पाणी फसफसत होतं. तो लाल रंग वरून मारलेला नसतो. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर मुद्दाम जो थर तयार करतात, त्यात तो मुरवलेला असतो, आणि सोडा नेमका तो थरच खातो. कडेला रुपयाएवढा गुलाबी डाग पडलाय, तो आता जन्माचा. साधं भांड्यांचं साबण आणि कोमट पाणी पुरलं असतं. बायको म्हणाली, काकांना कळलं असतं तर? मी विषय बदलला.

दुसरा घोळ स्प्रिंगचा. स्पूल मोकळा सोडायचं बटण दाबलं की आत एक छोटा दांडा पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, उचलतो, आणि त्या दांड्याला खाली दाबून धरायला दोन बारीक स्प्रिंगा असतात. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या लांब. ज्याने ज्याने हे रीळ उघडलंय त्याची एक तरी स्प्रिंग उडालेली आहे, हे मला नंतर कळलं. माझी उडाली ती टणकन खिडकीच्या गजावर आपटून. आवाजावरून दिशा कळली, स्प्रिंग नाही मिळाली. टिचकीसरशी तीनशे रुपये आणि तीन आठवडे गेले, कारण परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवलेल्या पाकिटात भलत्याच मॉडेलच्या स्प्रिंगा आल्या. आता मी हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करतो. दिसायला वेडगळ दिसतं, पण उडाली तरी पिशवीतच राहते.

शेवटी रोह्यातल्या एका घड्याळजींकडे गेलो. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, हल्ली नुसते सेल बदलतात. उरलेली एक स्प्रिंग नमुन्याला दिली. त्यांनी भिंग डोळ्याला लावून ती चिमट्यात धरली, मग खणातल्या औषधांच्या बाटल्या एकेक करून पालथ्या घालायला लागले. चौथ्या बाटलीत जवळपास तशीच सापडली. टोकाचा अर्धा वेढा कापला, दगडावर घासला, झालं. मग म्हणाले, "पूर्ण मशीन आणलंय का?" मी पिशवीतून रीळ काढलं. त्यांनी स्पूल कानाशी धरून फिरवला, दोनदा. "कुणी बनवलंय?"

मी सांगितलं. आबू म्हणजे आक्तिबूलागेत उरफाब्रिकेन, सरळ मराठीत घड्याळ कारखाना लिमिटेड. १९२१ साली स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम नावाच्या माणसाने काढला. टॅक्सीचे मीटर बनवायचे. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सी बंद पडायला लागल्या तशी मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि कारखाना माशांच्या रिळांकडे वळला. गावातून मोरूम नदी वाहते, ती साल्मनसाठी नावाजलेली, तेव्हा गिऱ्हाईक दारातच होतं. १९४१ साली रेकॉर्ड नावाचं रीळ निघालं, १९५२ मध्ये हे लाल अँबॅसडर. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं, स्पूल पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाले, "तरीच." पैसे घेतले वीस रुपये.

आता वापराबद्दल.

तेल आणि ग्रीस यांची गल्लत करू नका. हे साधं ५००० आहे, नावापुढे सी नाही. सी असलेल्या मॉडेलात स्पूलला बॉल बेअरिंग असतात, यात नुसत्या पितळी बुश, म्हणजे साध्या कड्या, आहेत. बुशला पातळ तेल लागतं. मी शिवणयंत्राचं वापरतो, प्रत्येक बाजूला एक थेंब, दर दोन खेपांनी. पहिल्यांदा जोडताना हौसेने तिथे ग्रीस भरलं होतं, तर दोऱ्याला वजन म्हणून लावलेलं शिसं माझ्यापासून वीस पावलांवर पडायचं. ग्रीस फक्त दात्यांना.

स्पूलच्या दांड्यावर प्लॅस्टिकचे दोन चिमुकले ठोकळे सरकते असतात. स्पूल जोरात फिरला की ते बाहेर फेकले जातात, कडीवर घासतात आणि वेग आवरतात. काकांच्या रिळात एकच उरला होता. म्हणजे माझ्या दहावीतल्या घरट्याला निदान अर्धं कारण होतं, हे मला चाळीस वर्षांनी समजलं! नवे दोन घातले, फरक जमीन-अस्मानाचा. तरी अंगठा स्पूलवर हवाच. शिसं पाण्याला टेकायच्या आधी अंगठा टेकला पाहिजे, हे काही कुठला ठोकळा तुमच्यासाठी करत नाही.

दोरा स्पूलवर डावी-उजवीकडे सारखा बसवणारी जी पट्टी पुढे फिरते, तिच्या आत दुहेरी आट्यांचा दांडा आहे आणि त्या आट्यांमध्ये फिरणारी एक चिमुकली जीभ. या रिळातली सगळ्यात आधी झिजणारी वस्तू तीच. माझी झिजलेली होती, पट्टी एका टोकाला जाऊन अडकायची. लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली, ती चार महिन्यांत बोथट झाली. मग अस्सल मागवली, सोबत एक जादा. आट्यांमध्ये वाळू राहिली तर नवी जीभही टिकणार नाही, त्यामुळे खाडीवरून आलं की आधी तो दांडा ब्रशने साफ.

ड्रॅगची, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा आवरत सोडणाऱ्या ब्रेकची, गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात मासा गेला. बाकी सगळं काढून घासलं, पण हँडलखालच्या चांदणीच्या आतल्या चकत्या मी तशाच ठेवल्या. दिसायला बऱ्या होत्या. नोव्हेंबरात खाडीवरच्या साळावच्या बाजूला, अष्टमीनंतरचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी, ओहोटी लागून तासभर झालेला. आमिष म्हणून जिवंत बोय मासा लावून बसलो होतो. दोरा दोनदा हलला, थांबला, आणि मग काठी खाली ओढली गेली. जिताडाच. पाण्याबाहेर आला तेव्हा तोंड उघडं, डोकं झाडतोय, दिव्याच्या उजेडात डोळा लालसर चमकला. ड्रॅगने दोरा द्यायला हवा होता. तो आधी अडला, मग हिसका देऊन सुटला, पुन्हा अडला. तिसऱ्या हिसक्याला तंगूस तुटलं. आत जुनं ग्रीस डिंकासारखं वाळलं होतं. कार्बनच्या चकत्या घातल्यापासून दोरा लोण्यासारखा सुटतो. जुनं रीळ सोडवणाऱ्या प्रत्येकाने मासा लागायच्या आधी हे करावं. आणि घरी आल्यावर चांदणी सैल करून ठेवावी, चकत्या दाबून राहत नाहीत.

चकत्या बदलल्यावर मार्चमध्ये पावणेचार किलोचा लागला आणि आलाही. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, म्हणून पुढचा हातभर दोरा जाड ठेवतो. काकांच्या वेळी आमच्याकडे जिताडा खाण्यापेक्षा साहेबाला पोचवायचा जास्त. मी हा खाल्ला. आणखी मोठा लागला असता तर सोडला असता. जिताडा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो, म्हणजे मोठी धेंडं बहुतेक अंड्यांवरच्या माद्या. हे काकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

काठीवरही काम केलं. पिवळट फायबरग्लासची साडेसहा फुटी काठी, तिच्या कड्यांचे धागे सुटले होते. कड्यांमधून आधी कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे दोऱ्याने खाच पाडलेली असते, ती कडी बदलायचीच. गुंडाळायला पटवेकऱ्याकडून तांबडा रेशमी धागा आणला. वार्निश लावताच तांबडा रंग जवळजवळ तपकिरी झाला, रेशीम वार्निश पिऊन पारदर्शक होतं म्हणून. मला तो आवडला. ज्यांना मूळ रंग हवा त्यांनी आधी रंग राखणारा हात द्यावा.

तंगूसच वापरा, ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, नको. मी दोन खेपा ब्रेड भरून पाहिला. मासा ओढायला लागला की वरचे फेरे खालच्यात रुततात आणि पुढच्या फेकीला घरटं ठरलेलं.

खर्च? सुटे भाग, तेल, धागा, वार्निश, लेथवाला, चुकीचं पाकीट, सगळं धरून ३,४०० रुपये. तेवढ्यात नवं, हलकं आणि जास्त वेगाचं रीळ येतं. माझ्याकडे तसं एक आहे, दोन वर्षांत त्याचं बेअरिंग खरखरायला लागलं. दुकानदार म्हणाला, हे उघडत नाही, दुसरं घ्या.

मे महिन्यात काकांचा मुलगा ठाण्याहून आला. रीळ खरं तर त्याचं. मी परत देऊ केलं तर म्हणाला, "राहू दे दादा तुझ्याकडेच, मी काय भिंतीला लटकवणार? एकदा फेकून बघू दे फक्त." संध्याकाळी साळावला गेलो. त्याला अंगठ्याचं सांगितलं, त्याने मान डोलावली आणि जीव खाऊन काठी फिरवली. शिसं वर गेलं, स्पूल मागे राहिला नाही, आणि पट्टीच्या मागे पसाभर तंगूस उसळून आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी टोपीतून क्रोशाची सुई काढली, त्याच्या हातात दिली आणि पलीकडच्या दगडावर जाऊन बसलो.